मालानने मान हलवली

आमच्या बेटांवर सतरा वर्षांखालच्या मुलींची युरोपची फुटबॉल स्पर्धा भरणार असं जाहीर झालं, तेव्हा मासळीच्या कारखान्यात माझ्या शेजारी उभी राहणारी सान्ना म्हणाली, "चला, म्हणजे आता जिंकायची गरज नाही. यजमान म्हणून मागच्या दारानं आत."

तिचं खोटं नव्हतं. यजमानांना पात्रता फेरी खेळावी लागत नाही, आणि ती खेळून आमच्या मुली तिथवर पोचल्या असत्या असं मलाही वाटत नव्हतं. आमच्या सगळ्या फेरो बेटांवरची माणसं गोळा केली तर एखाद्या मोठ्या देशाचं एक स्टेडियम जेमतेम भरेल. त्यातून सोळा-सतराच्या मुली काढा, त्यातून फुटबॉल खेळणाऱ्या काढा, त्यातून गुडघे धड असलेल्या काढा. आमचा मुख्य प्रशिक्षक हेर्गायर शाळेत गणित शिकवतो. तो म्हणायचा, "बाकीचे देश संघ निवडतात. मी वेचतो."

मी एब्बा. सकाळी सहा ते दोन सॅल्मनचे काटे काढते आणि त्यानंतर गोलकीपर मुलींना शिकवते. मी खेळायचे तेव्हा आमची मैदानं खडीची होती. उजव्या गुडघ्यात त्यातले दोन खडे अजून आहेत. मुलींची आंतरराष्ट्रीय स्पर्धा वगैरे तेव्हा ऐकिवातही नव्हती. शेजारच्या बेटावरच्या संघाला हरवलं की आमचं जग जिंकून व्हायचं.

मालान माझ्या गावची. हेल्लुवीक, उत्तरेकडच्या बेटावर, एक्केचाळीस घरं. ती नऊ वर्षांची असताना पहिल्यांदा माझ्याकडे आली. लांब हात, लांब पाय, आणि तोंडातून शब्द नाही. तासभर मी तिच्यावर बॉल मारले, तासभर ती चिखलात पडत राहिली. शेवटी मी विचारलं, "आवडलं का?"

तिनं थोडा विचार केला आणि म्हणाली, "अजून नाही."

पण दुसऱ्या दिवशी आली. तिसऱ्या दिवशीही आली. ती घुमी नव्हती, लाजाळूही नव्हती. विचारलं की सांगायची, नाही विचारलं की गप्प राहायची, इतकंच.

तिच्या अगदी उलट सोल्वा. तीही हेल्लुवीकची, मालानच्या शेजारच्याच घरातली. डाव्या बाजूनं पळायची, पळता पळताही बोलायची, आणि हरली की ताटावर बसायची नाही. दोघींचे बाप एकाच बोटीवर मासेमारीला जातात, एकाच खोलीत झोपतात. दोघी लहानपणापासून एकमेकींच्या घरात दार न वाजवता शिरायच्या, एकीच्या घरचा रुबार्बच्या आंबट देठांचा मुरंबा दुसरीच्या पावावर असायचा. हेर्गायरनं सोल्वाला कॅप्टन केलं तेव्हा सगळ्यात आधी मालाननं तिच्या दंडावर कॅप्टनची पट्टी चढवून पाहिली. सैल होती. मालाननंच ती घरी नेऊन शिवून आणली.

मे महिन्यात स्पर्धा सुरू झाली. पहिला सामना स्पेनशी. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. सात गोल झाले. मालाननं अडवले नसते तर पंधरा झाले असते. शेवटची शिट्टी झाल्यावर ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "तिसरा माझ्या चुकीनं झाला. बाकीचे सहा नाही."

"बरोबर," मी म्हटलं. मीही तेच मोजलं होतं.

त्या रात्री कुणी फार रडलं नाही. स्पेनशी हरणं म्हणजे वाऱ्याशी भांडणं. खरी आशा होती ती दुसऱ्या सामन्याची, फिनलंडशी.

*

राजधानीत, तोर्शाव्नच्या मैदानावर त्या दिवशी वारा होता, पण भांडखोर नव्हता. प्रेक्षक चार हजारांच्या आसपास. म्हणजे आमच्या दर तेरा-चौदा माणसांमागे एक तिथं होता. कारखान्यातल्या बायका पाळी बदलून आल्या होत्या. मैदानालगतच्या डोंगराच्या उतारावर तिकीट न काढलेली मंडळी घोंगड्या पसरून बसली होती आणि त्यांच्यामध्ये मेंढ्या चरत होत्या.

फिनलंडनं पहिला गोल केला. मग दुसऱ्या डावात सोल्वानं डावीकडून बॉल घेतला, दोघींना मागे टाकलं, आणि अशा कोनातून मारला की माझ्या मते ती पास देत होती. ती आजतागायत कबूल करत नाही. बॉल खांबाला लागून आत गेला. एक-एक. मी पन्नाशीची बाई, पण मी बाकावर शेजारी बसलेल्या संघाच्या डॉक्टरला इतकं घट्ट धरलं की त्याचा चष्मा पडला.

त्यानंतरच्या अर्ध्या तासात काय काय झालं ते मला नीट आठवत नाही. मालान उडत होती, पडत होती, उठत होती. घड्याळ पुढं सरकत होतं. एक-एक राहिला तर एक गुण. अशा मोठ्या स्पर्धेतला आमच्या मुलींचा पहिला गुण.

शेवटची तीन-चार मिनिटं उरली असतील. फिनलंडच्या एका उंच मुलीनं लांबून बॉल हाणला. मालानच्या बोटांना चाटून तो वरच्या बारवर आदळला, तिथून सरळ खाली आला, आणि मालाननं मागे झेप घेऊन तो बाहेर ढकलला. आमच्या एका मुलीनं तो मैदानाबाहेर लाथाडला. फिनलंडच्या मुली हात वर करून धावत सुटल्या: गोल, गोल. रेषेवरच्या साहाय्यक पंच बाईंचा नेमका त्याच क्षणी पाय घसरला होता. त्या गुडघ्यावर होत्या आणि झेंडा खाली होता. मुख्य पंच बाईंनी हातानं खूण केली, गोल नाही. या स्पर्धेत व्हिडिओ बघायची सोय नव्हती.

खरं तर तिथंच संपायचं. पण बॉल बाहेर गेला होता, खेळ थांबला होता, आणि फिनलंडच्या मुली पंचांना सोडत नव्हत्या. त्या पंच बाई वयानं लहानच, तिशीच्या आत-बाहेर. त्यांनी मुलींना बाजूला केलं आणि त्या थेट मालानसमोर जाऊन उभ्या राहिल्या. काहीतरी बोलल्या. लांबून मला ऐकू आलं नाही.

मालाननं त्यांच्याकडे पाहिलं. मग मान हलवली. एकदा, वर-खाली.

पंचांनी मधल्या वर्तुळाकडे हात केला. गोल. दोन-एक.

डोंगरावरची एक मेंढी ओरडली, तेवढं मला स्पष्ट ऐकू आलं.

आता मी खरं तेच सांगते. त्या क्षणी मला तिचा अभिमान वगैरे काही वाटला नाही. मला तिचा राग आला. सात वर्षं मी तिला उडायला शिकवलं, पडायला शिकवलं, खांबापासून किती पावलं पुढं उभं राहायचं ते शिकवलं. हे मी शिकवलं नव्हतं. माझ्या मनात आलं, अगं बावळट पोरी, तुला मान हलवायला कुणी सांगितली होती?

*

ड्रेसिंग रूममध्ये नळ गळत होता. मालान कोपऱ्यात हातमोजे काढत होती. सोल्वा तिच्यासमोर येऊन उभी राहिली.

"तुला काय गरज होती?"

"तिनं विचारलं," मालान म्हणाली.

"विचारू दे ना. इंग्रजी येत नाही असं दाखवायचं."

"मला इंग्रजी येतं."

"तिला कुठं माहीत होतं ते?"

मालाननं दुसरा हातमोजा ओढून काढला. नसलेलं उत्तर ती बनवत नाही.

"दिसलं नाही म्हणायचं," सोल्वाचा आवाज आता चिरकला होता. "तू पालथी पडली होतीस. कुणी शंका घेतली नसती. दिसलं नाही. दोन शब्द."

"दिसलं होतं मला. हातभर आत होता."

सोल्वानं दंडावरची कॅप्टनची पट्टी काढली आणि बाकावर टाकली. "मी आयुष्यात परत असा गोल करणार नाहीये," ती म्हणाली. "तो एकच होता माझ्याकडे." आणि ती आंघोळीला निघून गेली.

तिथून पुढं तिनं मालानशी बोलणं सोडलं. आणि कॅप्टननं सोडलं म्हटल्यावर बाकीच्या मुलींनीही, कुणी मुद्दाम, कुणी भीतीनं, कुणी काय बोलावं ते न सुचल्यामुळे. जेवताना मालानच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या असायच्या. कुणी भांडलं नाही, कुणी टोमणा मारला नाही. भांडण झालं असतं तर बरं होतं असं मला वाटे.

बाहेर मात्र बोलणाऱ्यांची कमी नव्हती. दुसऱ्या दिवशी मी आणि मालान बेकरीत गेलो. रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं मालानशी हात मिळवला आणि तो धरूनच ठेवला. त्याच्या मागच्या माणसानं मात्र आमच्याकडे न बघता गल्ल्यावरच्या बाईला सांगितलं, "माझी पोरगी काल रडत झोपली. खरं बोलायला पूर्ण आयुष्य पडलंय, शेवटच्या तीन मिनिटांतच बोलायला हवं होतं का?"

मालाननं ते ऐकलं. तिनं दोन गोड पाव घेतले, एक मला दिला, आणि आम्ही बंदराच्या भिंतीवर जाऊन बसलो.

मी तिला म्हटलं, "तुला एक सांगू? मी असते तर मान हलवली नसती."

"माहितीये."

"कसं काय?"

"काल तुझा चेहरा दिसला मला."

मी पाव खात राहिले. ती म्हणाली, "तुला कधी विचारलं होतं का कुणी?"

मी आठवून पाहिलं. एकदा असं झालं होतं. शेजारच्या बेटाशी सामना, धुकं इतकं की समोरचा गोल दिसत नव्हता. बॉल माझ्या पायांमधून आत गेला आणि मी तो मागल्या मागं काढून पुढं मारून दिला. कुणालाच कळलं नाही. आम्ही जिंकलो, नाचलो, मासे तळून खाल्ले. "नाही," मी म्हटलं. "मला कुणी विचारलं नाही."

"मग तू खोटं नाही बोललीस," मालान म्हणाली. माझी समजूत काढायला नाही. तिला खरंच तसं वाटत होतं. मला मात्र तो पाव पुढं जाईना.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिचा बाप सामाल. बोट पार उत्तरेला, बर्फाच्या कडेपाशी होती आणि आवाज मधूनमधून बुडत होता. मालाननं फोन आमच्या दोघींच्या मध्ये भिंतीवर ठेवला.

"सगळ्यांनी पाहिला सामना," सामाल म्हणाला. "आता अर्धी बोट माझ्याशी बोलत नाहीये. दान्याल तर भिंतीकडे तोंड करून झोपतो."

दान्याल म्हणजे सोल्वाचा बाप.

"सॉरी, बाबा."

"सॉरी कसलं. त्याचं घोरणं तिकडच्या तिकडे जातं. वीस वर्षांत पहिल्यांदा झोप लागली." मग थोडा वेळ नुसती खरखर. "बॉल आत होता ना पण?"

"हातभर."

"मग झालं. जेवलीस का?"

"पाव खातेय."

"पावानं काय होतंय. मटण खा. तुझ्या आईला सांग, वरच्या कप्प्यातलं वाळवलेलं मटण पाठव म्हणावं." आणि आवाज बुडाला.

*

त्याच संध्याकाळी हेर्गायरनं मला बोलावलं. टेबलावर त्याचा कागद होता, बेल्जियमविरुद्धच्या सामन्याची यादी. गोलकीपरची जागा रिकामी.

"दुसऱ्या पोरीला खेळवावं म्हणतोय," तो म्हणाला. "मालानशी कुणी बोलत नाही. गोलकीपर ओरडणार आणि पुढच्या चौघी ऐकणार नाहीत, असा संघ कसा उभा करू?"

"मालान वाईट खेळली का?"

"नाही. मालान आपल्याकडची सगळ्यात चांगली खेळाडू आहे."

"मग खेळावरून काढायची तर काढ. मान हलवली म्हणून काढलीस तर उद्या सकाळपासून मी रजा मोडून कारखान्यात. काटे काढणं परवडलं."

हेर्गायरनं पेनाचं टोपण काढलं, लावलं, परत काढलं. गणिताच्या माणसाला बेरीज जमत नसली की तो असं करतो. "मला सोल्वाचीही काळजी आहे," तो म्हणाला. "ती एकटीनं गोल करायला निघाल्यासारखी पळतेय. सरावात परत मागे येतच नाही. पण आज तिला बोललो तर ती मोडेल."

"मग कधी बोलणार आहेस?"

"तेच कळत नाहीये," असं म्हणून त्यानं मालानचं नाव लिहिलं.

*

बेल्जियमचा सामना क्लाक्सविकला होता. तिथं दोन्ही बाजूंनी डोंगर आणि मधून वारा, नळकांड्यातून फुंकल्यासारखा. नाणेफेक हरलो आणि पहिल्या डावात वारा आमच्या तोंडावर. मालान गोलकिक मारायची आणि बॉल पन्नास पावलं जाऊन हवेत उभा राहायचा.

आमचा या स्पर्धेतला हा शेवटचा सामना, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पुढच्या फेरीचा प्रश्नच नव्हता. तरी मैदान भरलं होतं. फक्त आवाज वेगळा होता. आमच्या गोलमागे बसलेल्या लोकांना मालानसाठी टाळ्या वाजवाव्यात की नाही हे ठरवता येत नसावं.

सोल्वा पहिल्या मिनिटापासून पुढं. बॉल नसला तरी पुढं. तिच्यामागे डावीकडची बाजू उघडी पडायची, आणि बेल्जियमच्या पोरी काही आंधळ्या नव्हत्या. मालान ओरडत होती, "सोल्वा, मागे. सोल्वा, तुझी पोरगी सुटली." सोल्वा वळूनही बघत नव्हती. अर्ध्या तासानंतर त्याच बाजूनं बॉल आला आणि गोल झाला. शून्य-एक. मध्यंतरापर्यंत आणखी तीन वेळा त्याच बाजूनं आल्या. मालाननं तिन्ही अडवले, शेवटचा तर तोंडावर.

ड्रेसिंग रूममध्ये मी तिच्या नाकात कापूस घालत होते. हेर्गायर फळ्यासमोर उभा होता. खडू हातात घेऊन तो डाव्या बाजूला एक वर्तुळ काढत होता आणि पुसत होता.

तेव्हा सोल्वा उठली. तिचा चेहरा लाल झाला होता, केस कपाळाला चिकटले होते. ती मालानसमोर आली. तीन दिवसांत पहिल्यांदा.

"तू खोटं बोलत नाहीस ना," ती म्हणाली. टोमणा होता की प्रश्न, मला कळलं नाही. "मग सांग. मागून तुला सगळं दिसतं. काय चुकतंय आपलं?"

मालानच्या नाकात कापूस होता, त्यामुळे आवाज सर्दी झाल्यासारखा आला.

"तू."

कुणीतरी पाण्याची बाटली खाली ठेवली. हेर्गायरचा खडू थांबला.

"तू वर जातेस आणि परत येत नाहीस," मालान म्हणाली. "गोल तिथूनच झाला. नंतरचे तिन्ही तिथूनच आले. मी ओरडते तर तू ऐकत नाहीस."

"मी गोल करायला जातेय. कुणीतरी करायला नको?"

"पाच वेळा गेलीस. एकदाही कुणाला पास दिला नाहीस. एल्स्पा दोनदा मोकळी होती."

एल्स्पा आमची सगळ्यात लहान, पंधराची, दक्षिणेकडच्या बेटावरची. आपलं नाव ऐकून तिनं बुटाची नाडी सोडली आणि परत बांधायला घेतली.

सोल्वा तशीच उभी राहिली. मला वाटलं, आता ही बाहेर जाईल किंवा काहीतरी फेकेल. ती म्हणाली, "दोनदा?"

"दोनदा," एल्स्पानं नाडीकडे बघतच सांगितलं. "एकदा तर मी हातही वर केला होता."

"मग ओरडायचं ना, बयो."

"तू कॅप्टन आहेस. भीती वाटते."

कुणीतरी फसकन हसलं. मग आणखी एकीला हसू आलं. सोल्वाला हसायचं नव्हतं, पण तिचं तोंड वाकडं झालं. तिनं हेर्गायरकडे पाहिलं. "हे तुलाही माहीत होतं?"

"हो," हेर्गायर म्हणाला.

"मग बोलला का नाहीस?"

"तू मोडशील असं वाटलं."

"मी काय चिनी मातीची बशी आहे?" सोल्वा म्हणाली. मग मालानकडे वळून, "मी मागे राहते. पण तू ओरडत राहा. मोठ्यानं. वाऱ्यात ऐकू येत नाही."

"खोटं," मालान म्हणाली. "सगळं ऐकू येत होतं तुला."

"बरं, येत होतं," सोल्वा म्हणाली.

*

दुसऱ्या डावात वारा आमच्या पाठीशी होता. सोल्वा डाव्या बाजूला मागे राहिली. तिला ते किती जड गेलं हे मी बाजूला उभी राहून बघत होते. बॉल पुढं गेला की तिचे पाय आपोआप उचलले जायचे, मग मालानचा आवाज यायचा आणि ती दातओठ खात थांबायची. एकदा बेल्जियमची ती चपळ पोरगी तिच्या अंगावर आली, सोल्वानं घसरून बॉल काढला, आणि उठता उठता मागे बघून विचारलं, "हे ठीक?"

"ठीक," मालान ओरडली. "उशिरा आलीस."

गोलमागचे लोक हसले. मग टाळ्या वाजल्या. कोणासाठी ते विचारायला कुणी गेलं नाही.

सामना संपायला पंधराएक मिनिटं असताना आम्हाला फ्री किक मिळाली, गोलपासून बऱ्यापैकी लांब. वाऱ्यानं बॉल जागेवर थांबेना. ठेवला की चालू लागायचा. आमच्याकडे याला एकच उपाय आहे: एल्स्पा गवतावर पालथी पडली आणि तिनं एका बोटानं बॉल धरून ठेवला. बेल्जियमच्या मुली हे बघून एकमेकींकडे पाहू लागल्या. किक सोल्वा मारणार होती. सगळ्यांना वाटलं, ती थेट गोलवर मारणार. मलाही वाटलं. आणि तासाभरापूर्वी तिनं तेच केलं असतं.

तिनं हळूच बाजूला ढकलला. एल्स्पा अजून जमिनीवरून उठतच होती. ती गुडघ्यावर असताना बॉल तिच्या पायाशी आला, ती उभी राहिली, आणि समोर कुणीच नाही. भिंतीसारख्या ओळीत उभ्या राहिलेल्या सगळ्या पोरी सोल्वाकडे बघत होत्या. एल्स्पानं मारला. फार जोरात नव्हता. उरलेलं काम वाऱ्यानं केलं.

एक-एक.

पुढची पंधरा मिनिटं मला कुणी देऊ केली तर मी परत घेणार नाही. आमचं छप्पर उडायची वेळ आली होती. पण सोल्वा मागून हलली नाही. एकदा तर मालान बाहेर आली असताना बॉल तिच्या डोक्यावरून गेला आणि सोल्वानं तो रेषेवरून काढला. स्पष्ट रेषेवरून, या वेळी कुणाला काही विचारायची गरज पडली नाही. मग शिट्टी झाली.

एक गुण. गटात आम्ही तळाला. पण लोक घरी जाईनात. क्लाक्सविकची माणसं वाऱ्यात, थेंबथेंब पावसात उभी राहून टाळ्या वाजवत होती. जणू आम्ही कप उचलला होता.

मुली मैदानावर एकमेकींवर पडल्या होत्या. मालान थोडी लांब उभी होती, हातमोजे काढत. सोल्वा ढिगातून बाहेर आली आणि तिच्याकडे गेली. मी जवळच होते म्हणून मला ऐकू आलं.

"त्या दिवशी गप्प राहिली असतीस तर आज दोन गुण असते."

"हो," मालान म्हणाली.

"प्रत्येक वेळी हो म्हणायलाच हवं असं नसतं."

"बरं."

सोल्वानं तिच्या नाकाकडे निरखून पाहिलं. "सुजलंय. बटाट्यासारखं दिसतंय." आणि ती तिच्या गळ्यात पडली. मालान उंच, सोल्वा बुटकी; सोल्वाचे पाय जमिनीवरून सुटले होते.

त्या संध्याकाळी हेल्लुवीकहून मालानच्या आईनं वाळवलेल्या मटणाचा तुकडा पाठवला होता. वीस मुलींनी तो सुरीनं कापून कापून खाल्ला. मालानच्या दोन्ही बाजूंना दाटी होती. बेकरीतल्या त्या माणसाची मुलगी दहा वर्षांची निघाली. बापाला घेऊन ती सही मागायला आली. बाप दारातच टोपी हातात धरून उभा राहिला. मालाननं तिला सही दिली आणि विचारलं, "आता झोप लागेल का?" मुलगी म्हणाली, "बघते."

जूनच्या शेवटी बोट बंदराला लागली. दान्याल आणि सामाल एकाच गाडीतून गावात आले, तेव्हा त्यांचं आपसात मिटलं असावं. मी विचारलं नाही. दान्याल मात्र स्वतःहून माझ्या दारात आला आणि म्हणाला, "एब्बा, आमच्या सोल्वाला मागे राहायला शिकवलंस म्हणे. घरी भांडी घासायला पण शिकव."

"मी नाही शिकवलं," मी म्हटलं. "शेजारणीला विचार."

ऑगस्टमध्ये सोल्वा डेन्मार्कला गेली, तिथल्या एका क्लबच्या शाळेत. रोज मालानला फोन करते आणि तासभर बोलते. मालान ऐकते. मालानलाही बोलावणं होतं, पण ती म्हणाली, पुढच्या वर्षी. मी विचारलं, "खरंच पुढच्या वर्षी, की उगाच?" तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी प्रश्न मागे घेतला.

सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी मी नेहमीसारखी लहान मुलींच्या सरावासाठी हेल्लुवीकच्या मैदानावर गेले; या वेळी मदतीला मालान होती. दरवर्षी तिघी-चौघी येतात. सगळ्यांना गोल करायचे असतात, आणि गोलकीपर कोण होणार यावरून चिठ्ठ्या टाकाव्या लागतात. या वर्षी अकरा आल्या. शेजारच्या दोन गावांतल्या पोरींना त्यांच्या आया गाडीनं सोडून गेल्या होत्या.

"गोलकीपर कोणाला व्हायचंय?" मी विचारलं.

अकरा हात वर.

"सगळ्याच गोलमध्ये उभ्या राहिल्यात तर गोल करायचे कुणी?"

त्यांनी एकमेकींकडे पाहिलं. बराच वेळ कुणीच हात खाली घेतला नाही. मग सगळ्यात बारकी, पुढचे दोन दात पडलेली, मालानकडे बोट दाखवून म्हणाली, "ही करेल. ही मोठी आहे."

मालाननं गोलपासून बारा पावलं मोजली, बॉल खाली ठेवला, आणि ती म्हणाली, "एकेक करून या. आणि डोळे मिटू नका."